धागा : 'डार्मॉक'मधली भाषा खरंच कुणाला बोलता येईल का?

मुठाकाठ
काल कोथरूडला आमच्या घरी नेहमीची सात-आठ माणसं जमली आणि 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळ-मालिकेतला 'डार्मॉक' हा भाग आम्ही पुन्हा पाहिला. पाचव्या सत्रातला दुसरा भाग, ३० सप्टेंबर १९९१ला पहिल्यांदा दाखवलेला. माझी ही निदान सहावी खेप. भाग साडेनऊला संपला, वाद पावणेबारापर्यंत चालला, आणि तरी मिटला नाही. म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (पुढे सगळं फुटणार आहे, जमलं तर आधी पाहून या). टामेरियन या परग्रहावरच्या लोकांशी फेडरेशनची, म्हणजे माणसं ज्यात आहेत त्या ग्रहांच्या संघाची, शंभर वर्षांत सात वेळा गाठ पडली आहे. भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. भाषांतराचं यंत्र शब्द देतं, तरी अर्थ लागत नाही, कारण हे लोक प्रत्येक गोष्ट आपल्या कथांमधल्या एखाद्या प्रसंगाचं नाव घेऊन सांगतात. अपयश आलं की 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा'. काही द्यायचं असलं की 'टेम्बा, हात पसरलेले'. त्यांचा कप्तान डेथॉन शेवटी फेडरेशनच्या जहाजाच्या कप्तानाला, पिकार्डला, उचलून एल-अड्रेल ग्रहावर नेतो, त्याच्यापुढे खंजीर धरतो. तिथल्या श्वापदाशी दोघांनी मिळून लढावं, डार्मॉक आणि जलाड तनाग्राला जसे एकत्र आले तसं आपण यावं, एवढीच त्याची इच्छा असते.

हा भाग मला अतिशय आवडतो, पण त्याचा पायाच मला पटत नाही. सगळं बोलणं कथांच्या उल्लेखांतून होत असेल, तर मूळ कथा पोरांना सांगायची कुठल्या भाषेत? 'शाका कोण होता?' असं विचारणाऱ्या चार वर्षांच्या पोराला टामेरियन आई काय सांगेल? उल्लेख कळायला कथा माहीत हवी, कथा सांगायला साधी भाषा हवी, आणि तीच त्यांच्याकडे नाही. कुणाला यातून वाट दिसते का?

तळजाईकर
माझा आक्षेप भाषेवर नाही, पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर याच्यावर आहे. श्वापद अंगावर आलंय, डेथॉन आणि पिकार्ड दोन बाजूंनी त्याला घेरतायत, पिकार्डला आत्ता कुठे उमगलंय की या माणसाला आपल्याशी नाही, आपल्यासोबत लढायचंय. नेमकं तेव्हाच जहाजावरून पिकार्डला किरणाने वर खेचून घ्यायचा प्रयत्न होतो. तो धड वर जात नाही, धड खाली राहत नाही. किरणात अडकून नुसता उभा, आणि डोळ्यांदेखत डेथॉन एकटा फाडला जातो. डेथॉनचा जीव रायकरच्या घाईपायी गेला, आणि अख्ख्या भागात कुणी त्याला जाब विचारत नाही. दर वेळी पाहताना मला याचा राग येतो.

खोडदकर
तळजाईकर, रायकरला खालचं दिसत होतं कुठे? कप्तान पळवला गेलाय, सोडवायला पाठवलेल्या वॉर्फच्या यानाला टामेरियनांनी परत पिटाळलंय, आणि आता कसलातरी तिसरा जीव कप्तानाच्या दिशेने सरकतोय, एवढंच त्याला कळत होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

एक मुद्दा माझ्या कामातला. टामेरियन जहाज ग्रहाच्या आयनांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, कण विखुरणारं क्षेत्र उभं करतं आणि त्यामुळे माणसं वर खेचता येत नाहीत, पण खाली कोण कुठे आहे ते मात्र जहाजाला कळत राहतं. काल एकाने यावर बोट ठेवलं, की अडवायचं तर सगळंच अडायला हवं. नाही, तसं नसतं. मी काही वर्षं खोडदला त्या तीस मोठ्या ताटांच्या रेडिओ दुर्बिणीवर काम केलंय. एकेक ताट ४५ मीटर व्यासाचं. आपल्या डोक्यावरचं आयनांबर सगळ्या लहरींना सारखं वागवत नाही. १५० मेगाहर्ट्झला बघताना एखादा रेडिओ स्रोत आपल्या जागेवरून हलतोय असं वाटतं, आयनांबर खवळलेलं असलं की रात्रभराचं निरीक्षण वाया जातं. तोच स्रोत १४०० मेगाहर्ट्झला बघितला की शांत बसलेला. वारंवारता जितकी वाढवाल तितका हा त्रास झपाट्याने कमी होतो. तेव्हा एक गोष्ट अडते आणि दुसरी पार होते, यात लेखकाची चूक नाही.

पेशवेपार्क
आमच्या सोसायटीची वार्षिक सभा : शाका, भिंती कोसळल्या तेव्हा.
पार्किंगचा विषय निघाला की : झिंडा, चेहरा काळा, डोळे लाल.

तळजाईकर
@पेशवेपार्क, आणि चहा-बटाटेवडे आले की टेम्बा, हात पसरलेले. :-)
@खोडदकर, क्षेत्राचं पटलं. रायकरचं नाही.

भोसरीचा_लेथ
मुठाकाठताईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला माझी एक पुरवणी. हे लोक जहाजं बांधतात. वॉर्फचं यान त्यांनी असं टिपलं की इंजिनाला धक्का बसला आणि आतल्यांच्या केसाला धक्का नाही. एवढा नेम कथांवर साधत नाही, त्याला आकडे लागतात. मी तेवीस वर्षं लेथवर आहे. 'हा जॉब चाळीस एमएमचा, दोन शतांश वजा चालेल, त्याहून जास्त नको' हे टेम्बा-शाकामध्ये कसं सांगणार? एक शतांश, म्हणजे एमएमचा शंभरावा भाग, इकडचा तिकडे झाला तर बेअरिंग बसत नाही. भाग सुंदर आहे, पण लिहिणाऱ्याने कारखाना पाहिलेला नाही.

शब्दवेडी
आधी मुठाकाठताईंना एक गोष्ट दाखवते, मग प्रश्नाकडे येते.

१४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकाराचं पत्र लागलं. त्यात होतं : दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासरावांचं नाव नाही, सदाशिवरावभाऊंचं नाव नाही, 'लढाई' हा शब्दसुद्धा नाही. जहाजावरच्या यंत्राने याचं भाषांतर बिनचूक केलं असतं, आणि रायकर म्हणाला असता की कुण्या सराफाचं दुकान लुटलेलं दिसतंय. नानासाहेबांना वाचताक्षणी सगळं कळलं. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

म्हणजे यंत्र चुकत नाही. शब्द बरोबरच येतात. त्या शब्दांमागे कोण उभं आहे हे ठाऊक असणारा माणूस लागतो. जहाजावरचे अधिकारी डेटा आणि ट्रॉय नेमके तिथेच अडतात. डेटा 'डार्मॉक' शोधतो तर एका ग्रहावर तो सम्राट निघतो, दुसऱ्या ग्रहावर वसाहत, तिसरीकडे चक्क थंडगार गोड पदार्थ. शेवटी शांटिल ३ वरच्या दंतकथेतला शिकारी सापडतो, तनाग्रा हे तिथलंच बेट निघतं, तेव्हा कुठे धागा हाताला लागतो.

आणि आपण मराठी माणसं दिवसभर काय करतो? कुणी फसवून निसटला की 'कात्रजचा घाट दाखवला'. मोठ्या विजयात मोठं माणूस गमावलं की 'गड आला पण सिंह गेला'. अंगावर एकही दागिना नसलेली बाई दिसली की 'लंकेची पार्वती'. धड इकडे नाही धड तिकडे नाही त्याचा 'त्रिशंकू'. परवा आमच्या मेसच्या काकूंनी आमटीकडे बघून नुसतं 'सुदाम्याचे पोहे समजा' म्हटलं, आणि आम्ही सहाजणी निमूट जेवलो. यात एकही वाक्य आम्हाला कुणी सोडवून सांगितलं नाही.

पेठेतली_माया
शब्दवेडी, उदाहरणं झकास आहेत, पण याच्यामुळेच मला त्या भाषेची भीती वाटते.

'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, गारदी त्यांच्या मागे लागले, ते काकांना बिलगले, एवढं सगळ्यांना माहीत आहे. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं हेही माहीत आहे. पण 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, हे कुठल्याही कागदाने सिद्ध झालेलं नाही. तरी अडीचशे वर्षं आपण तेच म्हणतो. माझ्या शाळेत बाईंनी गृहपाठात खाडाखोड बघितली की मुलींना विचारायच्या, 'काय गं, आनंदीबाई झालीस का?' मी सातवीत होते. तेव्हा हसायला यायचं.

साध्या मराठीत मी निदान हे चार ओळींत लिहू शकते की बाई कदाचित निर्दोष होती. टामेरियन बाईने हे कसं म्हणायचं? तिच्या भाषेत 'आनंदीबाई, लेखणी हातात' म्हणजे कपट, एवढंच. खटला पुन्हा चालवायची सोयच नाही. ज्या भाषेत निकालच शब्द होऊन बसलाय, तिथे अन्याय झालेल्या माणसाला जागा कुठे? या भागाचं इतकं कौतुक होतं, पण या बाजूने कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खोडदकर
माया, हा विचार माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. दोनदा वाचला प्रतिसाद.

शब्दवेडी
मायाताई, तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. शब्दप्रयोग आणि मूळ गोष्ट यांची फारकत होतेच. 'नरो वा कुंजरो वा' घ्या. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९पासून १९६६पर्यंत ते काम चाललं. त्या आवृत्तीत युधिष्ठिर अस्पष्टपणे 'हतः कुंजर' एवढंच पुटपुटतो. आपण म्हणतो ती 'नरो वा कुंजरो वा' ही जोडी तिथे नाही. लोकांनी ती जिभेवर घोळवून घडवली. संस्था विधी महाविद्यालय रस्त्यावर, आपल्या सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, आणि तिथल्या ग्रंथात नसलेलं वाक्य आपण रोज वापरतो. तेव्हा टामेरियनांच्या शाकाचं मूळ प्रकरणही काही निराळं असू शकेल. 'भिंती कोसळल्या' ही त्याची चूक होती की दुसऱ्या कुणाची, हे आता तिथे कोण सांगणार?

दुसरं अर्ध उत्तर शेवटच्या प्रसंगात आहे. पिकार्ड जहाजावर परत येतो, त्यांच्याच बोलीत बोलायला लागतो, आणि टामेरियन अधिकारी थक्क होऊन म्हणतो, 'सोकाथ, डोळे उघडलेले!' मग तो नवा प्रयोग घडवतो : 'पिकार्ड आणि डेथॉन, एल-अड्रेलवर'. म्हणजे त्या भाषेत भर घालता येते. 'आनंदीबाई, कागद कोरा' असं उद्या एखादी म्हणू शकेल. तिची मैत्रीण ते उचलेल की नाही, एवढाच प्रश्न.

पेठेतली_माया
'आनंदीबाई, कागद कोरा'. हे मी वापरणार. आजपासून.

अण्णा_बिबवेवाडी
मी जुना प्रेक्षक, थोडं अवांतर लिहितो. पिकार्डचं ते निराळं जॅकेट पहिल्यांदा याच भागात दिसतं. आणि इंजिन विभागातली ती तरुण पोरगी, रॉबिन लेफ्लर, म्हणजे अ‍ॅशली जड, तीसुद्धा पहिल्यांदा इथेच. डेथॉन झालेला पॉल विनफील्ड हा १९८२च्या दुसऱ्या स्टार ट्रेक चित्रपटात कॅप्टन टेरेल होता. त्या मुखवट्याखाली फक्त डोळे आणि आवाज मोकळे आहेत, आणि तेवढ्यावर माणूस काय काम करून गेलाय. शेकोटीपाशी, मरणाच्या दारात, पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो तेव्हाचे त्याचे डोळे पाहा. गोष्टीतला शब्दन् शब्द त्याला कळत नाही, पण दोन मित्र आहेत, त्यातला एक जाणार आहे, हे त्याला कळतं. मी हा प्रसंग कधीच कोरड्या डोळ्यांनी पाहू शकलेलो नाही.

मुठाकाठ
अण्णा, काल आमच्याकडेही त्या प्रसंगाला कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पण तुम्ही सगळे माझा प्रश्न टाळून पुढे चाललात. :-) शब्दवेडी, तू दिलेली सगळी उदाहरणं आपण साध्या मराठीच्या आधारावर शिकलोय. कात्रजचा घाट म्हणजे काय, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला भलतीकडे पाठवल्याची कथा काय, हे आपल्याला कुणीतरी साध्या वाक्यांत सांगितलं. माझी अडचण अजून तिथेच आहे.

शब्दवेडी
ताई, खरंच सांगितलं होतं का? आधी? माझं आठवतं ते असं : दिवाळीत वाड्यात किल्ला करायचो. मोठी मुलं विटा रचून वर गोणपाट टाकायची, चिखल लिंपायची, आम्हा लहानांना मावळे मांडायला द्यायची. एका बाजूला उभा कडा, त्याला सुतळी, सुतळीला चिकटवलेले चार मावळे. 'हे का?' म्हणून विचारलं तर दादा म्हणाला, 'सिंहगड आहे, मग सुतळी नको का?' झालं. ४ फेब्रुवारी १६७० आणि तानाजी मालुसरे हे पुस्तकात आलं तिसरी-चौथीत. कड्यावरची सुतळी मला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. मी ती हाताने चिकटवली होती.

आणि डेथॉन काय करतो? तो पिकार्डला डार्मॉकची गोष्ट सांगत बसत नाही. त्याला त्या गोष्टीत नेऊन उभा करतो.

भोसरीचा_लेथ
शब्दवेडी, तुझ्या किल्ल्यावरून मला आमच्या शेडमधलं आठवलं, आणि माझंच म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतंय.

आमच्याकडे एक शब्द आहे, 'दिवाळीचा शाफ्ट'. मी लागायच्या आधीची गोष्ट. दिवाळीच्या आदल्या दिवशी घाईत शंभर एमएमचा शाफ्ट कापला, मशीनवरून उतरवायच्या आत गरम असतानाच मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. सगळे घरी गेले. सुट्टीनंतर बघतात तर शाफ्ट कमी भरला. पोलाद चाळीस अंशांनी तापलं की एवढ्या व्यासात साडेचार शतांशांच्या आसपास फुगतं, गार झालं की परत बसतं. अख्खा जॉब भंगारात. तेव्हापासून कुणी गरम जॉबला मायक्रोमीटर लावताना दिसला की लांबून हाक येते, 'ए, दिवाळीचा शाफ्ट!' आणि तो हात मागे घेतो.

मी पोरगा म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ही हाक बसली. अर्थ काय, कुणी सांगितलं नाही. उस्तादाने माझ्या हातातून मायक्रोमीटर काढून घेतला, जॉबवर माझा तळहात टेकवला, चटका बसला. बस. गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, चहाच्या टपरीवर. मधली दोन वर्षं मी तो शब्द बिनचूक वापरत होतो, नव्या पोरांना ओरडतही होतो.

आकड्यांचा माझा मुद्दा मात्र कायम आहे. साडेचार शतांश हे कुठल्याच गोष्टीत सांगता येत नाही.

खोडदकर
आकडे त्यांच्याकडे वेगळ्या चिन्हांत असतील. डेथॉनजवळ लिहिलेली वही आहे, म्हणजे त्यांना लिपी आहे. पिकार्ड ती चाळतो. तुम्ही लेथवर बोलता ते आणि ड्रॉइंगवर वाचता ते एकच असतं का?

भोसरीचा_लेथ
नसतं. हे पटलं.

पेशवेपार्क
ज्यांना हे लोक पुढेही बघायचेत त्यांनी 'लोअर डेक्स' ही स्टार ट्रेकचीच मालिका बघा. २०२१च्या दुसऱ्या सत्रात केशॉन नावाचा टामेरियन अधिकारी जहाजावर कामाला लागलेला दिसतो.

जुनी_लकडी
तीन दिवस नुसतं वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे वडील नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. घर नदीच्या अंगाला. माझ्या आजीने दोन पोरांना धरून, एका बोचक्यात सापडेल ते बांधून पर्वती गाठली. वरून त्यांनी पाणी पाहिलं. परत आले तेव्हा घराची मागची भिंत नव्हती. स्वयंपाकघरात कमरेएवढा गाळ, आणि फळीवर तांब्या मात्र जसाच्या तसा. ही तांब्याची गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की ऐकताना आम्ही भावंडं ओठ हलवायचो.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण शब्द येत नाही. वाचेवर उपचार करणाऱ्या बाई घरी यायच्या, त्यांनी सांगितलं की अशा आजारात जुळवून बोलायचं वाक्य जातं, पण पाठ असलेलं, वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं पुष्कळदा राहतं. तसंच झालं. गणपतीची आरती बाबा अडखळल्याशिवाय म्हणतात. एक ते वीस आकडे ओळीने म्हणतात. 'पाणी दे' म्हणता येत नाही.

आणि दोन शब्द राहिले. पानशेत आणि पर्वती.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, जुन्या आठवणीत गेलेत. महिनाभराने माझ्या बायकोच्या लक्षात आलं. औषध सांडलं : पानशेत. अंथरूण ओलं झालं, लाज वाटली, मान वळवून : पानशेत. टीव्हीवर सामना हरलो : पानशेत. आणि आम्ही त्यांना उचलून खुर्चीत नीट बसवलं, पाठीला उशी लावली, दुखायचं थांबलं की डोळे मिटून : पर्वती. सून वेळेवर घरी आली : पर्वती. दोन्हींमध्ये वीस-पंचवीस निरनिराळे सूर आहेत, आणि आता आम्हाला ते सगळे कळतात. पहिल्यांदा मी 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' ऐकलं ते कॉलेजात. परवा तुमचा धागा उघडला आणि ते वाक्य वाचून हात थांबला. आमच्याकडे तर खरोखरची भिंत कोसळली होती.

मुठाकाठताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आजोबांच्या खोलीतच तिचा खेळ असतो. गेल्या महिन्यात तिचा ठोकळ्यांचा मनोरा पडला तर ती म्हणाली, 'पानशेत!' नंतर दूध सांडलं तेव्हाही. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. धरण माहीत नाही, पूर माहीत नाही, १९६१ तर सोडूनच द्या. मागच्या रविवारी आम्ही सिंहगड रस्त्याने चाललो होतो, मी बायकोला म्हटलं की जमलं तर पुढे पानशेतला जाऊन येऊ. मागच्या सीटवरून प्रश्न आला, 'बाबा, काय सांडलं?'

ती मोठी झाली की गोष्ट कळेलच. तोवर तिचं काहीच अडलेलं नाही, आजोबांशी ती घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त बोलते. तुमच्या त्या टामेरियन आईचंही असंच असेल असं मला वाटतं. पोरगं 'शाका कोण?' असं आधी विचारतच नसेल. आधी त्याचं काहीतरी पडत असेल.

अण्णा_बिबवेवाडी
काय लिहू. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी मी नऊ वर्षांचा होतो, आम्ही चतुःशृंगीकडे पळालो होतो.

भोसरीचा_लेथ
'आधी त्याचं काहीतरी पडत असेल.' माझा तळहात आठवला.

पेठेतली_माया
जुनी लकडी, तुमच्या लेकीला एवढंच सांगा, पुढे केव्हातरी, की आजोबा तेव्हा घाबरले होते पण पणजी घाबरली नव्हती. बोचकं बांधणाऱ्या पणजीचं नाव त्या शब्दात कुठेच नाही, तिचं नाव गोष्टीसोबत राहू दे.

जुनी_लकडी
मायाताई, नक्की सांगेन. हे लक्षात आलं नव्हतं माझ्या.

मुठाकाठ
मला उत्तर मिळालं. मी उलट बाजूने बघत होते. मला वाटत होतं की आधी गोष्ट, मग तिचा वापर. तुमच्या लेकीने आणि भोसरीच्या मायक्रोमीटरने ते उलटं करून दाखवलं. वापर आधी येतो, गोष्ट मागून येते, आणि ती आली नाही तरी बोलणं चालतं. आता सातव्यांदा बघताना मी डेथॉनच्या शेकोटीकडे निराळ्या नजरेने बघणार आहे. पिकार्डला आग पेटवता येत नाही, थंडीत कुडकुडतोय, आणि डेथॉन जळतं लाकूड त्याच्याकडे फेकून म्हणतो, 'टेम्बा, हात पसरलेले'. पिकार्डला टेम्बा कोण हे कळत नाहीच, शेवटपर्यंत कळत नाही. पण लाकूड हातात आल्याबरोबर त्याला वाक्य कळतं. हे समोर होतं आणि सहा वेळा मला दिसलं नव्हतं.

जुनी लकडी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा जमतोय. घर तळमजल्यावर आहे, दाराला एकच पायरी, तिच्यावर फळी टाकून ठेवते. बाबांना घेऊन या. त्यांना बसवेल तितकाच वेळ बसू, हाच भाग लावू.

जुनी_लकडी
विचारलं त्यांना. आधी काही बोलले नाहीत. मग फळीचं सांगितलं तर म्हणाले, पर्वती.
येतो.

तळजाईकर
मीही येतोय. येताना बाकरवडी आणतो. आणि रायकर दोन मिनिटं थांबला असता तर डेथॉन वाचला असता, हे मी तिथे बाबांच्या शेजारी बसून पुन्हा म्हणणार आहे. ते कोणता शब्द वापरतात ते बघू.